रिपोर्टमधला छोटासा स्टार

आमच्या घरी बाबांच्या रिपोर्टांची एक निळी फाईल आहे. आईने ती कपाटात, वीजबिलं आणि एलआयसीच्या पावत्यांच्या शेजारी जपून ठेवली होती. त्यात २००९ पासूनचा एकेक कागद होता. म्हणजे निष्काळजीपणा म्हणावा, तर तो आमच्या घरात नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी बाबा रक्त तपासून घ्यायचे, रिपोर्ट यायचा, कुणीतरी तो वाचायचं आणि कागद फाईलमध्ये जायचा. फक्त एक गोष्ट आम्ही कधीच केली नाही. ते कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

ते मी पहिल्यांदा केलं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, हॉस्पिटलच्या बाकावर बसून. दिवाळी नुकतीच झाली होती. रात्री जेवणानंतर बाबांना मळमळलं आणि रक्ताची उलटी झाली. एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांपैकी एक फुटली होती. डॉक्टरांनी तिला रबरी बँड लावून रक्त थांबवलं आणि बाहेर येऊन विचारलं, "लिव्हर सिरोसिस आहे. किती वर्षं पितात?"

बाबा एकोणसाठ वर्षांचे होते. दारूचा थेंबही त्यांनी कधी घेतला नव्हता. आम्ही राहतो बडोद्याला, जिथे दारूबंदी आहे. तरीही 'लिव्हर' हा शब्द ऐकला की लोकांच्या डोक्यात तोच प्रश्न येतो. नंतर भेटायला आलेल्या नातेवाइकांनीही तो आडून आडून विचारला. शेवटी आई लोकांना "पोटाचं ऑपरेशन झालं" एवढंच सांगू लागली.

त्या बाकावर मी फाईल उघडली आणि तारखेप्रमाणे कागद लावले. २००९ मध्ये एसजीपीटी ६१, शेजारी छोटासा स्टार. २०१६ मध्ये ६४, पुन्हा स्टार. मधल्या एका रिपोर्टवर कुणाच्या तरी अक्षरात पेनने लिहिलं होतं, "थोडंसं वाढलंय, तेलकट कमी करा." तेलकट थोडे दिवस कमी झालं, मग रविवारचा फाफडा आणि सेव उसळ परत सुरू झाली. २०२१ मध्ये एसजीपीटी ३८ वर आलं आणि स्टार गेला. त्या दिवशी आईने गोड शिरा केला होता, हे मला चांगलं आठवतं. खरं तर काळजी करायला हवी होती ती त्याच दिवशी. असं का, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. गेल्या काही वर्षांत डॉक्टरांना प्रश्न विचारून आणि वाचून जे समजलं, ते आपल्या घरांतल्या माझ्या वयाच्या मुलामुलींसाठी मांडते आहे.

रक्तात हे एन्झाईम येतात कुठून?

एन्झाईम म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं 'विकर'. पेशीतली रासायनिक कामं भराभर उरकणारी ही प्रथिनं. एसजीपीटी आणि एसजीओटी ही असलीच दोन विकरं. नव्या रिपोर्टांवर त्यांनाच अनुक्रमे एएलटी आणि एएसटी म्हणतात. त्यांची खरी जागा पेशीच्या आत. पेशींची झीज रोजच होते, म्हणून थोडी विकरं रक्तात नेहमीच सापडतात. पण पेशींना सूज आली, त्यांचं आवरण दुखावलं, की ती जास्त प्रमाणात बाहेर झिरपतात. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरमध्ये असतं. एसजीओटी लिव्हरखेरीज हृदय, स्नायू आणि तांबड्या पेशींतही असतं.

गंमत म्हणजे या तपासणीची सुरुवात लिव्हरपासून झालीच नाही. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कारमेन या तिघांनी दाखवलं, की हार्ट अटॅक आल्यावर रक्तातलं एसजीओटी वाढतं आणि काही दिवसांत पुन्हा खाली येतं. म्हणजे छाती न उघडता, बोटभर रक्तावरून आतल्या अवयवाची दुखापत कळू शकते. पुढे हीच विकरं लिव्हरच्या आजारात त्याहून कितीतरी जास्त वाढतात असं दिसलं. हृदयासाठी आता ट्रोपोनिन नावाची अधिक नेमकी तपासणी आली आहे. एसजीओटी मात्र लिव्हरच्या पॅनलमध्ये कायमचं राहिलं.

रिपोर्टमध्ये आकड्यापुढे 'युनिट प्रति लिटर' असं लिहिलेलं असतं. हे वजन नाही, कामाचा वेग आहे. लॅबमध्ये रक्तातल्या विकराला त्याचं काम करायला देतात आणि एका मिनिटात ते किती काम उरकतं, हे प्रकाश शोषणाऱ्या यंत्राने मोजतात. म्हणून याला विकराची 'ॲक्टिव्हिटी' म्हणतात.

सूज फक्त लिव्हरची नसते

बाबा जाडे नव्हते. उंची पाच फूट सहा इंच, वजन चौसष्ट किलो. बीएमआय तेवीसच्या आत. फक्त पोट पुढे होतं, कंबर चौऱ्याण्णव सेंटिमीटर. "सुटलंय जरा, वयाचं आहे," असं आम्ही हसून म्हणायचो.

या शरीरयष्टीची ओळख जगाला करून दिली ती पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. २००४ मध्ये त्यांनी आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. आपल्यातल्या पुष्कळांची ठेवण अशी असते. म्हणूनच आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी असं सांगतात.

पोटातली ही चरबी गप्प बसत नाही. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की चरबीच्या ऊतींतून टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारं रसायन तयार होतं आणि त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. ही आणि अशी रसायनं रक्तातून लिव्हरपर्यंत पोहोचतात. लिव्हरमध्येही चरबी साठू लागते, पेशींना सूज येते आणि विकरं झिरपू लागतात. लिव्हर स्वतःही दाहाचा निरोप मिळाला, की सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. म्हणजे वाढलेलं एसजीपीटी पुष्कळदा एकट्या लिव्हरची तक्रार नसते. शरीरभर मंद आचेवर चाललेल्या दाहाची ती लवकर मिळालेली खूण असू शकते.

जीजीटी या तिसऱ्या विकराबद्दलही असंच दिसलं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या प्रसिद्ध पाहणीतून २००७ मध्ये पुढे आलं, की ज्यांचं जीजीटी जास्त, त्यांना पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम आणि हृदयविकार होण्याचा धोकाही जास्त. फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या मृत्यूचं पहिलं कारण लिव्हर नसून हृदयविकार आहे, हे मला फार उशिरा कळलं.

मग दारूचं काय?

१९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग यांनी वीस रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या लिव्हरचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली अगदी दारुड्याच्या लिव्हरसारखे दिसत होते, पण ते दारू पिणारे नव्हते. तेव्हापासून या आजाराच्या नावात 'नॉन-अल्कोहोलिक' हा शब्द चिकटला. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी तो नावातून काढून टाकला आणि चयापचयातल्या बिघाडावरून नवं नाव दिलं. आपल्या केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

आईला हे समजावून सांगताना एक साधी गोष्ट उपयोगी पडली. दारूमुळे लिव्हर बिघडतं, तेव्हा एसजीओटी बहुतेक वेळा एसजीपीटीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतं. सुरुवातीच्या फॅटी लिव्हरमध्ये उलट असतं, एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी कमी. बाबांच्या २००९ च्या रिपोर्टवर एसजीओटी ४१ आणि एसजीपीटी ६१ होतं. नुसत्या या आकड्यांवरून कुणी निदान करत नाही, पण आईला तेवढा आधार पुरला. आता ती आजाराचं नाव सरळ सांगते.

आकडा उतरला, तरी काळजी का?

आता त्या शिऱ्याच्या दिवसाकडे येते. वर्षानुवर्षं सूज राहिली, की लिव्हरमध्ये चट्टे पडू लागतात, पेशींच्या जागी निबर धागे येतात. याला फायब्रोसिस म्हणतात आणि त्याची शेवटची पायरी म्हणजे सिरोसिस. झिरपायला पेशीच कमी उरल्या, की एसजीपीटी खाली येऊ शकतं. त्याच वेळी एसजीओटी त्याच्या पुढे जातं. प्लीहा मोठी होते, प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात आणि रक्तातला त्यांचा आकडा घसरतो. बाबांच्या २०२१ च्या रिपोर्टमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं. आम्ही एसजीपीटीचा गेलेला स्टार पाहिला. एसजीओटी ६२ होतं, त्याकडे लक्ष दिलं नाही. प्लेटलेट एक लाख अठरा हजार होत्या, तर "मागे ताप आला होता ना, त्याने कमी झाल्या असतील" असं आपापसांत म्हणून गप्प बसलो.

हे तीन आकडे आणि वय एकत्र करणारं एक सूत्र आहे. त्याला फिब-४ म्हणतात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ते दोन मिनिटांत होतं. वयाला एसजीओटीने गुणायचं. मग प्लेटलेटला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचं. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे रिपोर्टवर १,६८,००० असेल तर १६८.

बाबांचे २०१६ चे आकडे घ्या. वय ५३, एसजीओटी ५८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १६८. चौसष्टाचं वर्गमूळ ८. त्रेपन्न गुणिले अठ्ठावन्न म्हणजे ३०७४. एकशे अडुसष्ट गुणिले आठ म्हणजे १३४४. भागाकार सुमारे २.२९. उत्तर १.३ च्या खाली आलं, तर पुढे गेलेल्या फायब्रोसिसची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं, तर शक्यता जास्त. मधलं आलं, तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी करायची. २००९ मध्ये बाबांचं उत्तर होतं सुमारे १.०५. २०१६ मध्ये २.२९. २०२१ मध्ये, ज्या वर्षी एसजीपीटीचा स्टार गेला, त्या वर्षी ४.९.

हॉस्पिटलच्या बाकावर हे गणित मला माहीत नव्हतं. नंतर कळलं, तेव्हा त्या रात्री मी झोपले नाही. २०१६ मध्ये सात वर्षांचा फरक समोर होता आणि तेव्हा पुष्कळ काही करता आलं असतं. दोष कुणाला द्यावा, हेही मला सांगता येत नाही. प्रत्येक वेळी डॉक्टर वेगळे होते, लॅब वेगळी होती, आणि मागचा कागद सोबत न्यायचं आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. हे सूत्र पस्तिशीच्या आतल्यांना नीट लागू पडत नाही, आणि पासष्टीच्या पुढे १.३ ऐवजी २ ही खालची रेषा धरतात. शिवाय हा अंदाज आहे, निदान नाही. निदान डॉक्टरच करणार.

माझा स्टार नसलेला रिपोर्ट

बाबा घरी आल्यावर डॉक्टरांनी आम्हा मुलांनाही तपासून घ्यायला सांगितलं. माझं एसजीपीटी आलं ३६. लॅबच्या मर्यादेत होतं, स्टार नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, "थांबा जरा." २००२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी निरोगी रक्तदात्यांच्या रक्तावरून सुचवलं होतं, की निरोगी मर्यादा पुरुषांसाठी ३० आणि स्त्रियांसाठी १९ धरावी. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१७ मध्ये पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ हीच वरची रेषा सांगितली. अनेक लॅब मात्र अजून ४० किंवा त्याहून वरची मर्यादा छापतात. सोनोग्राफीत माझ्या लिव्हरमध्ये चरबी दिसली, पहिल्या ग्रेडची. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी ३.४ आलं. ते १ च्या खाली असलं तर हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असं मानतात. ते १० च्या वर गेलं, तर बहुतेक वेळा सर्दी-ताप, दातातला पू असं काही चालू असतं, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

याचा अर्थ प्रत्येक वाढलेला आकडा म्हणजे फॅटी लिव्हर, असा मुळीच नाही. जिममध्ये आदल्या दिवशी जोरात वजनं उचलली, तर स्नायूंतून ही विकरं रक्तात येतात. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या, तरी एसजीओटी वाढतं. कावीळ बी आणि सी, थायरॉईड, काही औषधं, तांबं साठण्याचा विल्सन हा आनुवंशिक आजार, अशी कारणंही शोधावी लागतात. 'नैसर्गिक आहे' म्हणून घेतलेले काढेही यात आले. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. म्हणून रिपोर्ट दाखवताना काय काय घेतो, ते सगळं डॉक्टरांना सांगा, आजीचा काढासुद्धा.

उपाय ऐकायला कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. वजन तीन ते पाच टक्के कमी झालं, की लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के कमी झालं, तर सूजही उतरते. सत्तर किलोच्या माणसासाठी हे पाच ते सात किलो झाले. मी गोड शीतपेयं बंद केली, रात्रीचं जेवण आठच्या आत आणलं, सकाळी कमाटीबागेत पाऊण तास भरभर चालते. सेव उसळ सोडली नाही, महिन्यातून एकदा खाते. वर्षभरात सहा किलो कमी झाले. एसजीपीटी आता २२ आहे, सीआरपी १.६.

बाबांचं लिव्हर मात्र पूर्वीसारखं होणार नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते, शिरांसाठी एंडोस्कोपी होते, गोळ्या आहेत, मीठ कमी आहे. तब्येत स्थिर आहे. संध्याकाळी ते सूरसागरला चक्कर मारतात आणि भेटेल त्याला विचारतात, "एसजीपीटी किती तुमचं?" सुरुवातीला आम्हाला ते अवघड वाटायचं. आता वाटत नाही.

आपल्या घरीही अशी एक फाईल असेल. निळी नसेल, कदाचित मोबाईलमधल्या पीडीएफ असतील. एका कागदावर पाच रकाने आखा: तारीख, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट, कंबर. आई-बाबांचं भरा, मग आपलं भरा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद बरोबर न्या. स्टार आहे की नाही हे लॅब सांगेल, पण गेल्या वेळी किती होतं, हे घरातलं माणूसच सांगू शकतं.

माझा धाकटा भाऊ पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षं तो तपासणी टाळत होता, "मला काही होत नाहीये" म्हणून. मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. रिपोर्टचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "ताई, माझं ५२ आलंय. तुझ्या कागदावर लिहून ठेव."